दुपारी दीडचा डोंगर

या, असे जवळ सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे यावं, सतरंजी मोठी आहे. आज एका पेटीची गोष्ट सांगायची आहे. लगेच बाजाच्या पेटीकडे बघू नका, तिच्यावर अजून गवसणी आहे. ही पेटी निराळी, हवा मोजणारी. तिने एका माणसाला असं काही गोंधळात टाकलं, की भर आरतीत त्याच्या टाळ्या चुकायला लागल्या.

त्या माणसाचं नाव चंदर. बदलापूर गावातला, म्हणजे स्टेशनकडच्या नव्हे, नदीकडच्या जुन्या गावातला. आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होता. रिटायर झाल्यावर मारुतीच्या देवळाची पहाटेची काकड आरती, संध्याकाळची धूपारती आणि मार्गशीर्षातला सप्ताह एवढं त्याने अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं, पण कुणी काढूनही घेतलं नाही. सप्ताहात वीणा गळ्यात घालून उभा राहिला की चंदर खाली बसतच नसे. चहासुद्धा उभ्यानेच.

आता पेटी देवळात कशी आली ते ऐका. सोनिवलीच्या नव्या सोसायट्यांमध्ये रात्री खिडकी उघडली की डोकं धरणारा वास यायचा. लेकरं खोकायची. लोक म्हणायचे कंपन्या वायू सोडतात, कंपन्या म्हणायच्या पुरावा दाखवा. चंदरची भाची श्रद्धा तिथेच राहते, घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, आधी मोजू, मग भांडू. उल्हासनगरच्या कमलेशने आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक पेटी जोडून दिली. डब्याएवढी, आत एक बारकासा पंखा, एक डोळा आणि एक कार्ड. हवेतला धूर आणि बारीक धूळ किती, ते ती दर मिनिटाला कार्डावर लिहून ठेवणार. सोसायटी आणि कंपन्या यांच्या मधोमध गाव, आणि गावात दिवसरात्र कुणाची तरी नजर असलेली जागा म्हणजे देऊळ. पेटी चंदरच्या हवाली झाली.

"मामा, बाहेर वळचणीला लावा. मोकळ्या हवेत," श्रद्धाने बजावलं होतं.

चंदरने तशी लावलीही. मग माकडं आली. मग दसरा आला. दसऱ्याला घरातल्या कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, तर गावासाठी राबणाऱ्या पेटीने काय पाप केलं होतं? चंदरने ती उतरवली, पुसली, झेंडूची माळ घातली आणि माकडांच्या हाताला लागू नये म्हणून गाभाऱ्याशेजारच्या खिडकीत आतल्या बाजूला ठेवली. तिथून ती पुन्हा बाहेर गेली नाही. ही गोष्ट श्रद्धाला सांगण्यासारखी आहे, असं त्याला वाटलंही नाही.

दर शनिवारी श्रद्धा यायची, चंदरने आणून दिलेलं कार्ड पायरीवर बसून लॅपटॉपला लावायची आणि चंदर शेजारी बसून बघायचा. आकड्यांच्या रांगांमधून हलकेच एक रेघ उमटायची, चढायची, उतरायची.

"हे सॉफ्टवेअर केवढ्याला घेतलंस गं?"

"फुकट आहे मामा. ओपन सोर्स. कुणीतरी परदेशात बसून लिहिलं, आतलं सगळं उघडं ठेवलं. कुणीही घ्यावं, चुकलं तर दुरुस्त करावं, सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं. हवेचा अभ्यास करणारे जगभर हेच वापरतात."

"म्हणजे आपल्या चालींसारखं. कुठल्या बुवाने कधी बांधली ठाऊक नसतं. आपण घ्यायची, गायची, जरा हरकत घालून पुढे द्यायची."

"तसंच."

हे मात्र चंदरला फार आवडलं. तेव्हापासून त्या रेघेवर त्याचा विश्वास बसला. एवढ्या लोकांनी हातातून हातात दिलेली वस्तू खोटं कशाला सांगेल, असं त्याचं गणित. इथेच तो अडकला.

कारण दिवाळीनंतर श्रद्धाने सगळे आठवडे एकावर एक ठेवले, तर रेघेला दोन डोंगर निघाले. एक रात्री बाराच्या सुमाराला. त्याने कुणालाच नवल वाटलं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी आकाश तर खूश झाला, म्हणाला, "बघा, मिडनाइटला सोडतात. आय टोल्ड यू." दुसरा डोंगर दुपारी दीडला. पहिल्यापेक्षा उंच, रोजचा.

दुपारी दीडला गावात असतं काय? जेवणं झालेली, कुत्रीसुद्धा सावलीला. श्रद्धाने त्याच सॉफ्टवेअरमध्ये वाऱ्याचे आकडे टाकले. तेही सरकारी केंद्रातून फुकट मिळतात. पडद्यावर एक गोल रंगीत फूल उमटलं. ज्या दिशेचा वारा असताना हवा खराब, त्या दिशेची पाकळी लाल.

लाल पाकळी पश्चिमेला होती.

"पश्चिमेला काय आहे मामा?" श्रद्धाने विचारलं.

चंदरने त्या बाजूला मान वळवली. देवळाच्या पश्चिमेला एक गल्ली, गल्लीच्या टोकाला गोदूची भट्टी. दुपारचं जेवण झालं की गोदू भट्टी पेटवते, कढईत वाळू तापवते आणि संध्याकाळपर्यंत लाह्या, कुरमुरे, चणे भाजते. गेली कित्येक वर्षं सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्यात पडणाऱ्या लाह्या तिच्याच. चंदरची आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत त्याच्या घरी भाकरी गोदूकडून यायची. पश्चिमेला ती आहे.

आकाशने फूल बघितलं आणि दोन दिवसांत अर्ज तयार केला. निवासी भागात धूर करणारी भट्टी नगरपालिकेने बंद करावी. रविवारी बैठक, सह्या, सोमवारी अर्ज आत. "काका, पहिली सही तुमची," तो म्हणाला. "मशीन तुमच्याकडे आहे. आणि बघा ना, कंपनीवाल्यांना आपण सांगतोय डेटा माना. मग गावातल्याचा डेटा आपण नाही मानला तर ते हसतील आपल्याला."

बोलणं खोटं नव्हतं. हाच तर पेच. चंदरला रात्रभर एकच दिसत राहिलं, काल्याचं पातेलं आणि त्यात बाजारातून आणलेल्या पिशवीतल्या लाह्या.

सही करायच्या आधी तोंडावर सांगावं, एवढी माणुसकी त्याच्यात होती. शुक्रवारी दुपारी तो भट्टीवर गेला. गोदू वाळूत झारा फिरवत होती, लाह्या तडतडत उडत होत्या. खाली भाताचं तूस जळत होतं. धूर होता, नाही कसा. चंदरने तो मुद्दाम छाती भरून घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी त्याला कळेना, की आपण रोज या गल्लीतून जातो तर हा एवढा डोंगर आपल्या नाकाला कसा दिसला नाही.

"वयनी, पेटी सांगते दुपारचा धूर तुझा हाय."

"पेटी सांगते?" गोदूने झारा थांबवला नाही. "बोलाया लागली व्हय? हार घालतोस म्हनून."

"सोसायटीवाले भट्टी बंद करायचा अर्ज देतात. रविवारी."

आता झारा थांबला. लाह्या करपल्याचा वास आला तरी तिने कढई हलवली नाही. "आनि तू?"

"मना पयली सही सांगतात."

"सही कर मंग. पेटी शिकलेली हाय, मी अंगठेवाली." तिने करपलेल्या लाह्या सुपात काढून बाजूला टाकल्या. "पन तिला एक इचार. कोजागिरी झाली नि माजा भाव आजारी पडला, मी म्हारलला त्याच्या घरी जाऊन ऱ्हायले. भट्टी थंड. तवा दुपारचा धूर कुनाचा व्हता, तुज्या बापाचा?"

चंदर तिथून निघाला तो थेट सोनिवलीला. श्रद्धाला म्हणाला, कोजागिरीनंतरचे दिवस काढ. तिने काढले. दुपारी दीडला डोंगर होता. जसाच्या तसा. भट्टीत निखारा नव्हता आणि डोंगर होता.



"पेटी बिघडली असेल," श्रद्धा म्हणाली.

"का गोदूवहिनी खोटं बोलते?" चंदर म्हणाला, आणि बोलल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. तिच्या भावाला दवाखान्यात बघायला तो स्वतः गेला होता.

शनिवारी साडेअकराच्या पुढे पेटीची वायर काढून, ती टॉवेलात गुंडाळून चंदर उल्हासनगरला कमलेशच्या दुकानात पोचला. कमलेशने चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि नाक पुढे केलं.

"साईं, हे काय आहे? अंदरसे मंदिरचा वास येतोय."

"देवळातच असते ती."

कमलेशने ब्रश फिरवला. पंख्याच्या पात्यांवर चिकट पिवळट थर होता. कोपऱ्यातून कुंकू निघालं, आणि चिमट्याने त्याने अक्षतांचे तीन दाणे एकामागून एक काढून काउंटरवर मांडले. मग चंदरकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नाणं गिळलेल्या पोराकडे बघतो.

"पूजा करता काय हिची?"

"रोज नाही. हळदकुंकू फक्त गुरुवारी. धूप मात्र दोन्ही वेळ. मारुतीला ओवाळला की हिलाही दाखवतो."

"किती दूरसे?"

चंदरने हात पुढे करून दाखवलं. धुपाटणं पेटीच्या नाकाशी.

कमलेश हसला नाही, म्हणजे फार वेळ हसला नाही. "भाऊ, ही हवा नाही मोजत. ही तुमची भक्ती मोजते."

चंदरचं मन भरबाजारात हलकं झालं. गोदू सुटली. धूर धुपाचा, डोंगर त्याचा स्वतःचा. त्याने तिथूनच श्रद्धाला फोन लावला. तिने सगळं ऐकलं, आधी कपाळाला हात लावला असणार, कारण फट्कन आवाज आला. मग तिला एक शंका आली.

"मामा, धूपारती कितीला?"

"सातला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

"मग सातला डोंगर पाहिजे ना. सातला रेघ सपाट आहे. रोज. डोंगर दीडला आहे, आणि दीडला तुम्ही झोपलेले असता."

चंदर पुन्हा होता तिथे आला, उलट एक पायरी खाली. आधी न पेटलेल्या भट्टीचा धूर दिसत होता, आता डोळ्यांसमोर केलेला धूप दिसत नव्हता. धूप जातो कुठे? क्षणभर त्याच्या मनात असंही आलं, की मारुतीरायाने तो पुरताच स्वीकारला असेल. मग वाटलं, तसं असेल तर मग गोदूच्या मानगुटीवर दुसऱ्याचा डोंगर कोण ठेवतंय? देवाचं हे काम नाही.

कमलेशने पेटी साफ केली, पण पंखा बदलायला वेळ लागला. जेवणाच्या वेळेच्या आधीपासून संध्याकाळ होईपर्यंत पेटी त्याच्या टेबलावर उघडी, वायर काढलेली, मेलेली. चंदर ती घेऊन देवळात पोचला तेव्हा आरतीला थोडाच अवकाश होता आणि श्रद्धा पायरीवर वाट बघत होती.

"एक करा मामा," ती म्हणाली. "आज शेवटचा दाखवा हिला धूप. रोजच्यासारखाच. मग मी कार्ड काढते. बघू या, तो जातो कुठे."

चंदरने पेटी खिडकीत ठेवली, वायर लावली. आरती झाली, चंदरच्या टाळ्या मात्र दोनदा चुकल्या. धुपाटण्यात त्याने राळ जरा जास्तच टाकली, तपास आहे म्हणून. पेटी धुरात दिसेनाशी झाली. श्रद्धा खोकत बाहेर पळाली. थोड्या वेळाने कार्ड लॅपटॉपला लागलं, रेघ आली.

डोंगर उमटला होता. दुपारी दीडला.

"आता हे बघ," चंदर हळूच म्हणाला. त्याला खरोखर भीती वाटायला लागली होती. "दुपारी दीडला ही कमलेशच्या टेबलावर होती. पोट उघडं, पंखा बाहेर. मी समोर बसून डाळपकवान खात होतो. तेव्हा हिने हा धूर कुठून बघितला? जो मी आत्ता केला?"

श्रद्धाने लॅपटॉप जवळ ओढला. तिने रेघ डावीकडे सरकवली. सकाळच्या भागात रेघ तुटली होती, मोठं रिकामं अंतर. पेटी बंद असल्याची खूण.

"मामा, पेटी बंद कधी केलीत?"

"निघताना. बाराच्या आत."

"इथे दिसतंय सकाळी सहानंतर लगेच."

"सहाला तर मी हिच्यासमोर काकडा आवरत होतो."

 मग श्रद्धाने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला, पदर असता तर तोंडाला लावला असता, अशी बसली. "घड्याळ," ती म्हणाली. "मामा, घड्याळ."

आता तिने जे सांगितलं ते चंदरला दोनदा ऐकावं लागलं, तुम्ही एकदाच ऐका. जगात सगळ्यांची घड्याळं निराळी, म्हणून अशी यंत्रं सगळ्या जगाचं मिळून एक घड्याळ धरतात. आपलं घड्याळ त्याच्यापुढे साडेपाच तास. पेटी त्या जगाच्या घड्याळाने लिहीत होती आणि श्रद्धाने सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, हे आकडे भारतातल्या वेळेचे. संध्याकाळचे सात तिथे दुपारचे दीड. वाऱ्याचे आकडे मात्र खरोखर आपल्या वेळेचे. म्हणून संध्याकाळचा धूप जाऊन दुपारच्या वाऱ्याला चिकटला. दुपारचा वारा आपल्याकडे पश्चिमेचा, आणि पश्चिमेला बिचारी गोदू.

"सॉफ्टवेअर चुकलं म्हणजे."

"नाही ना. त्या लोकांनी माहितीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय, आधी तुमचं घड्याळ कुठलं ते नीट बघा. मी वाचलं नाही. मला वाटलं, एवढं काय त्यात."

चंदरने धुपाटणं उलटं करून राख झाडली. मग त्याच्या डोक्यात आणखी एक दिवा लागला आणि त्याला तो विझवावासा वाटला. "श्रद्धा, मग रात्री बाराचा डोंगर?"

तिने बोटांवर साडेपाच मोजले. "पहाटे साडेपाच."

"काकडा," चंदर म्हणाला.

रविवारची बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये भरली. अर्ज टेबलावर, पेन त्याच्यावर. गोदूही आली होती, दाराशी, चप्पल हातात घेऊन, आत यावं की नाही असं. श्रद्धाने पडद्यावर आधी जुनी रेघ दाखवली, मग बंद पेटीतला डोंगर दाखवला, मग घड्याळ नीट केलं. सगळी रेघ एका झटक्यात उजवीकडे सरकली. दीडचा डोंगर सातवर, बाराचा पहाटेवर. लाल पाकळी विस्कटून फुलाचा नुसता धुरकट गोळा झाला.

आकाशने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक मिनिट. मिडनाइटवाला पण गेला?"

"तो पहाटेचा धूप," श्रद्धा म्हणाली.

"अरे, पण रात्री वास येतो. माझी मुलगी झोपत नाही. तो काय इमॅजिनेशन आहे का?"

"वास खरा आहे. पण ही पेटी वास घेतच नाही, धूर आणि धूळ मोजते. वायूसाठी निराळी लागते."

"मग इतके आठवडे आपण मोजलं काय?"

चंदर उभा राहिला. वीणा गळ्यात नसताना उभं राहायची त्याला सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत कळेना. "मी केलेली आरती," तो म्हणाला.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, गावातल्या बाईला वाचवायला हे सगळं रचलंय. कुणी म्हणालं, मग कंपनीचं काय, तिला सोडायची का. कुणी चहाचं विचारलं. आकाश अर्ज हातात धरून उभा होता. तो वाईट माणूस नाही हो, त्याला एक नीट उत्तर हवं होतं आणि हाताशी आलेलं उत्तर निसटलं होतं. शेवटी त्याने कागदाची घडी केली. "काका, पेटी बाहेर काढा. मोकळ्यात लावा. सप्ताहापर्यंत परत मोजू. मग बघू."

पेटी शाळेच्या गच्चीवर गेली. माकडांसाठी जाळी आली. हळदकुंकू बंद. चंदरला पहिले काही दिवस धुपाटणं हातात घेतलं की खिडकीकडे वळायची सवय मोडेना.

सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या दिवशी श्रद्धा नवी रेघ घेऊन भट्टीवरच आली. आकाशही आला. आता एकही डोंगर नव्हता. पहाटे आणि संध्याकाळी एक लांबलचक पसरट उंचवटा, वारा कुठलाही असो. रस्त्याची धूळ त्यात होती, कुठे जाळलेला कचरा होता, गाड्या होत्या, कंपन्याही असतील. कुणाचं किती, ते त्या रेघेतून निघत नव्हतं. आणि दुपारी, अगदी जेवणानंतर, उंदराच्या पाठीएवढी एक वर आलेली जागा होती.

"ह्या कोन?" गोदूने विचारलं.

"ती तू, मावशी," श्रद्धा म्हणाली. खोटं बोलली नाही पोरगी.

गोदूने वाकून बघितलं. "म्हंजे मी पन हाय थोरी."

"थोडी आहेस."

"मंग तसं सांगाचं ना आदी. थोरी असन तर थोरी कबूल. डोंगर कशाला चढवाचा माज्यावर?" तिने आकाशकडे मान वळवली. "धुराडं उंच केला तर चालंल काय रं साहेब?"

आकाशने वर छपराकडे बघितलं, खाली तुसाकडे बघितलं. "चालेल," तो म्हणाला. आणि मग जरा घुटमळून, "मावशी, ते गरम चणे आहेत का?"

निघताना गोदूने श्रद्धाला थांबवलं. "तू म्हनतेस ती कोन मानसं? फुकट देनारी, घड्याल बघा सांगनारी. त्यांची नावं काय?"

"खूप जण आहेत मावशी. मलाही माहीत नाहीत सगळी."

गोदूने काल्यासाठी काढलेल्या लाह्यांच्या टोपलीत आणखी एक ओंजळ टाकली. "ही त्यांची," म्हणाली.

रात्रीचा वास अजून येतो. आकाशने नव्या पेटीसाठी कमलेशकडे फेऱ्या चालवल्या आहेत. चंदर अजूनही मधूनच श्रद्धाला विचारतो, की आत्ता त्या जगाच्या घड्याळात किती वाजले असतील, आणि उत्तर मिळालं की आणखीच गोंधळून मान हलवतो. पण काल्याच्या कीर्तनाला तो वीणा घेऊन उभा होता तेव्हा हंडी फुटली, दही उडालं, आणि त्याच्या हातावर पहिला घास पडला. त्याने तो तोंडात टाकला नाही. आधी गर्दीत शोधलं. गोदू मागे भिंतीशी उभी होती, नेहमीसारखी, सगळ्यांचं होईपर्यंत हात पुढे न करता. चंदर गर्दीतून वाट काढत गेला आणि तो घास तिच्या हातावर ठेवला.

एवढंच मागणं आहे माझं. तुमच्याही हातावर आता काला पडेल. दही दिसेल, पोहे दिसतील, लाह्या दाताखाली मऊ लागतील. त्या कुणी भाजल्या ते कुणी सांगत नाही. तुम्ही मात्र घास घेण्याआधी क्षणभर गोदूची आठवण करा.